दिपिकाचा दम

॥ श्री ॥

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
१८ जून २०२३

ती. ताईंना,
किशोरीचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मोबाइलवरची अक्षरं तुम्हाला मुंग्यांसारखी दिसतात, आणि तुमच्या हृतिककडे निरोप द्यावा तर न्हावा शेव्याची ड्यूटी संपवून तो घरी पोचेपर्यंत निम्मा विसरतो. तेव्हा आपली पत्रंच बरी. इकडे आम्ही खुशाल आहोत. दिपिका दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली. तुम्ही पाठवलेले सुके बोंबील तिने पेढ्यांच्या आधी संपवले.

आता मुख्य गोष्ट. ओवे गावच्या लग्नात काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. दर मे महिन्यात तुमच्याकडे बसून पोरगी लग्नात गायचे धवले शिकली. तुमच्यासारखी धवलारीण व्हायचं म्हणून लहानपणापासून मांडवात तुमच्या मागे उभी राहून गात आली. तुमचे कान गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच ती पुढे उभी राहिली आणि हळद लागता लागता मधेच थांबली. बायका म्हणाल्या, पाठ नव्हतं. कुणी म्हणालं, लाजली. ताई, ती काही विसरली नव्हती. तिला श्वास पुरला नाही.

तिच्या छातीत मधोमध जन्मापासून खळगा आहे, तो तुम्ही तिला न्हाऊ घालताना कितीदा पाहिलाय. मोठी होईल तसा भरून येईल असं सगळे म्हणायचे. भरला तर नाहीच, गेल्या दोन वर्षांत ती उंच झाली तसा आणखी खोल गेला. ती आता मलाही दाखवत नाही, घरातसुद्धा ओढणी असते. जिना चढून आली की कठडा धरून उभी राहते.

ओव्याहून आल्यावर ह्यांना न विचारता मी तिला हॉस्पिटलात नेलं. छातीच्या ऑपरेशनच्या डॉक्टर यूम्ना म्हणून आहेत, आपल्या पनवेलच्याच. त्यांचे वडील हाफिज शेठ, बाजारात भांड्यांचं दुकान आहे ते. त्यांनी सीटी स्कॅन करून दाखवलं. छातीचं मधलं हाड आत वळलंय, त्यामुळे हृदय डावीकडे सरकलंय आणि फुप्फुसांना फुलायला जागा कमी पडते. हाडाच्या मागून एक वाकवलेली स्टीलची पट्टी घालायची, ती हाड उचलून धरते. तीनेक वर्षांत छाती त्या आकारात पक्की झाली की पट्टी काढून टाकायची.

हे ऐकून तुमचे भाऊ भरल्या ताटावरून उठले. म्हणाले, चालतीबोलती पोरगी आहे, तिच्या काळजाशेजारी लोखंड घालू देणार नाही. आणि मग हळूच, उद्या लग्नाच्या वेळी लोकांना काय सांगायचं. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. काय करू ते लिहा.

तुमची माया आहे म्हणून एवढं मोकळं लिहिलं. ती अशीच राहू द्या.

तुमची
किशोरी

---

केगाव, ता. उरण
२७ जून २०२३

सौ. किशोरीस,
चंद्रावतीचे अ. उ. आ.

मी बरी हाय. तुझ्या पत्रात या वेळी शेजारणींची एकपण गोष्ट नाय, त्यावरूनच कळलं की तू घाबरली हायस.

ओव्याला मला तिचा आवाज ऐकू आला नाय, पण डोळे गेलेले नायत माझे. ओळ संपायच्या आधीच तिचे खांदे वर चढत होते, मानेच्या शिरा ताठ. पाठ नसलेली पोरगी इकडं तिकडं बघते. ही समोर बघत होती. बायका कुजबुजताना दिसल्या, तेव्हा मी त्यांना तिथंच सांगितलं की गप्प बसा, पोरीला सगळं येतंय. हळू सांगायला गेले, पण माझं बोलणं मलाच कळत नसल्यामुळं साऱ्या मांडवाला ऐकू गेलं. बरं झालं.

भगवानला काय लिहू ते मला आज सुचत नाय. खरं सांगते, काळजाचं नाव काढल्यावर मी पण घाबरले. पण एक विचारते. तुझं पत्र चांगलं मोठं हाय. त्यात तुझं म्हणणं हाय, भगवानचं हाय, डॉक्टरीणबाईचं हाय. ज्या पोरीच्या छातीवर सुरी चालायची तिचं म्हणणं कुठं हाय? तिला सांग, आत्याला स्वतःच्या हातानं लिही. तोवर तुमी दोघं भांडू नका, निदान जेवताना तरी नको.

सगळ्यांना आशीर्वाद. आठवण हाय ती पत्रातून कळू देत जा.

चंद्रावती

---

खांदा कॉलनी
९ जुलै २०२३

ती. आत्या,
शि. सा. न.

आईने सांगितलं म्हणून नाही, मला तुला लिहायचंच होतं. फक्त अक्षराला हसू नकोस.

मला ऑपरेशन करायचंय. कारणं दोन आहेत आणि त्यातलं एक मी लपवणार होते. पहिलं म्हणजे दम. मोठी ओळ आली की अर्ध्यावर छातीत दार बंद झाल्यासारखं होतं. पुढचे शब्द समोर दिसत असतात, पण तिथपर्यंत हवा पोचत नाही. ओव्याला हेच झालं.

दुसरं कारण असं की मला माझी छाती बघवत नाही. शाळेची सहल काशिदला गेली तेव्हा सगळ्या मुली पाण्यात उतरल्या, मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत बसले आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. डॉक्टर मॅडमना मी आधी फक्त दमाचं सांगितलं. मग त्या काहीच बोलेनात म्हणून हेही सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, माझ्याकडे लहान मुलं येतात, मिशीवाले बाप्येही येतात, आणि सगळे आधी दमाचंच सांगतात. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

दोन्ही बगलांखाली छोटे छेद घेतात. आत कॅमेरा सोडून, बघत बघत, हृदयाच्या पुढून आणि हाडाच्या मागून पट्टी पलीकडे नेतात आणि मग ती फिरवतात, की हाड वर उचललं जातं. धोका किती, हे मीच विचारलं. त्यांनी लपवलं नाही. क्वचित हृदयाला इजा होऊ शकते, पट्टी सरकू शकते, आणि दुखतं तर खूपच. आई तेव्हा खिडकीबाहेर बघायला लागली. मॅडम म्हणाल्या, पहिले काही आठवडे तू मला शिव्या घालशील. मी म्हटलं, मला आगरी शिव्या येतात. त्या म्हणाल्या, घाल, मला कोकणीतल्या येतात.

बाबा या विषयावर बोलतच नाहीत. मी समोर बसले की टीव्हीचा आवाज वाढवतात. पण तू त्यांना ओरडू नकोस हं. काल मी जिना चढून आले तेव्हा ते दाराच्या आत उभे होते. दार उघडायला आले नव्हते, माझा श्वास ऐकत होते.

तू हो म्हणालीस तर बरं वाटेल. नाही म्हणालीस तर मी रडेन, पण पुन्हा विचारीन.

तुझी लाडकी (हे तूच म्हणतेस)
दिपिका

---

न्हावा शेवा
२१ जुलै २०२३

ती. ताईस,
भगवानचा सा. न.

यार्डातल्या ऑफिसात बसून लिहितोय. घरी लिहिलं असतं तर किशोरीने वाचलं असतं.

ताई, तू नाय म्हण. तू नाय म्हणालीस की विषय संपेल. किशोरी गप्प होईल आणि पोरगी माझ्यावर रागावणार नाय.

मी दिवसभर लोखंडात असतो. कंटेनर, साखळ्या, क्रेनचे हूक. समुद्राच्या वाऱ्यानं काय होतं त्यांचं ते मी रोज बघतो. चांगलं जाड लोखंड हातात पापड मोडावा तसं मोडतं. ते माझ्या पोरीच्या छातीत, काळजाला लागून, तीन वर्षं? रात्री कूस बदलली आणि सरकलं तर? लग्नाचं मी बोललो ते किशोरीनं तुला कळवलंच असेल. ते नुसतं बोलायला बोललो. मला लग्नाची भीती नाय वाटत. त्या टेबलावर तिला झोपवतील आणि मी बाहेर उभा असेन, त्याची वाटते.

गाणं नाय गायली तर काय बिघडतं? जिवंत तर हाय.

तुझा लोभ हाय म्हणून हक्कानं मागतो.

भगवान

---

केगाव
३० जुलै २०२३

चि. भगवानास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि भात करपला. नंतर पुन्हा वाचलं.

तू लहान असताना खाडीत पोहायला घाबरायचास आणि मला सांगायचास, ताई, आईला सांग ना की पाणी खराब हाय. आता पण तेच सांगतोस. मी नाय म्हणणार नाय. हो पण म्हणणार नाय. तिला सोळावं सरून सतरावं लागलंय, तिनं मला चांगली दोन पानं लिहिलीत, धोक्यासकट. तुझ्या पत्रापेक्षा तिच्या पत्रात जास्त माहिती हाय. तू त्या डॉक्टरीणबाईला भेटलास तरी का?

तुला लोखंड कळतं म्हणतोस ना? मग जा, ती पट्टी हातात घे. वाकवून बघ, ठोकून बघ, गंजेल का विचार, सरकेल का विचार. मनात येईल ते सगळं विचार, अडाण्यासारखं वाटलं तरी विचार. त्यानंतर तुझं मन नाय म्हणालं तर पोरीच्या समोर बसून, टीव्ही बंद करून, तिला सांग. माझ्या पदराआड लपून नको.

आणि गाणं नाय गायली तर काय बिघडतं, हे परत लिहू नको. माझे कान गेले तेव्हा पण लोक मला हेच म्हणाले होते, की जिवंत तर हायस. पण त्या दिवसापासून मी कुणाच्या हळदीला पुढं उभी राहिले नाय, ते तू बघितलंस.

रागानं लिहिलं, पण हात तुझ्या डोक्यावरच हाय.

तुझी ताई

---

खांदा कॉलनी
१० डिसेंबर २०२३

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

पोरगी घरी आली. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तुमचं पत्र ह्यांनी आठवडाभर खिशात बाळगलं. मग एके दिवशी यार्डातून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, चल, कुठे आहे ते हॉस्पिटल. डॉक्टरांच्या टेबलावर नमुन्याची पट्टी होती. ह्यांनी ती हातात तोलली, नखाने वाजवली, गुडघ्याला लावून वाकवायला बघितली. मी शरमेने अर्धी झाले. डॉक्टर मात्र शांतपणे बघत होत्या. हे स्टील गंजत नाही म्हणाल्या, आणि कुणाला त्यातल्या निकेलची ॲलर्जी असेल तर दुसऱ्या धातूची पट्टी घालतात, ते आधीच तपासतात. पट्टीची टोकं बरगड्यांशी पक्की बांधतात. शेवटी ह्यांनी लग्नाचंही विचारलं. लग्न, बाळंतपण, कशाच्याच आड येत नाही म्हणाल्या, आणि हसून म्हणाल्या, काका, माझंही अजून झालेलं नाही, आमचे अब्बा तुमच्याहून जास्त काळजीत आहेत. तिथे पहिल्यांदा हे हसले. घरी येऊन खरंच टीव्ही बंद केला आणि दिपिकाला विचारलं, तुला भीती वाटते का. ती म्हणाली, वाटते. हे म्हणाले, मलाही. मग दोघं मिळून काय काय बोलत बसले ते मला माहीत नाही, मी मुद्दाम स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

दिवाळी झाल्यावर ऑपरेशन झालं. पट्टी नीट बसली. पण खरी परीक्षा पुढे होती. दुखण्यामुळे ती खोल श्वासच घेईना. वरवरचे, चिमणीसारखे श्वास. त्याने फुप्फुसाचा खालचा भाग मिटून गेला, ताप चढला, ऑक्सिजनची नळी लावावी लागली. झुबेदाताई म्हणून श्वासाचे व्यायाम घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी श्वास ओढला की गोळ्या वर चढतात ते तीन गोळ्यांचं यंत्र तोंडाशी धरलं, पण एक गोळीसुद्धा वर जाईना. दिपिका म्हणाली, मला जमणार नाही, मला सोडा. डॉक्टर यूम्ना तिच्याशी बोलल्या आणि मग आम्हाला बाहेर घेऊन म्हणाल्या, औषधं आम्ही देतोय, पण श्वास तिलाच घ्यावा लागेल.

आणि ह्यांनी काय करावं? ह्यांना गाणं येत नाही, आरतीतसुद्धा नुसत्या टाळ्या वाजवतात. ते कॉटशेजारी बसले आणि तुमचा हळदीचा धवला सुरू केला! सूर कुठचा कुठे, आणि शब्द तर विचारू नका. नवरीच्या मामाला घोड्यावर बसवलं, नवरदेवाला पाणी भरायला धाडलं. दिपिकाने डोळे मिटूनच पुटपुटलं, बाबा, चुकलं. ह्यांनी ऐकलंच नाही असं दाखवून पुन्हा मामालाच घोड्यावर चढवलं. तिने परत सांगितलं. ते म्हणाले, मग कसं आहे ते नीट म्हणून दाखव, मला तर असंच आठवतं. पोरगी चिडली. चिडून तिने श्वास भरला आणि अख्खी ओळ म्हटली. डोळ्यांतून पाणी, दोन्ही हातांनी उशी छातीशी दाबलेली, पण ओळ पुरी केली. मग जोराचा खोकला आला, कफ सुटला. झुबेदाताई धावत आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, थांबू नका, आणखी चुका.

मग हे रोज चुकत राहिले. वॉर्डातले बाकीचे पेशंट विचारायचे, आज मामा कुठे बसला. ताप उतरला. नळी निघाली. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाल्या, फुप्फुस उघडलं. हे जिन्यात जाऊन एकटेच रडून आले आणि परत येऊन म्हणाले, चहा घेऊन आलो. हातात चहा नव्हता.

ताई, त्या दिवशी मला या माणसाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आमच्या लग्नानंतर कधी वाटला नव्हता. हे त्यांना कळवू नका, डोक्यावर बसतील.

आशीर्वाद पाठवा, जमलं तर बोंबीलही पाठवा.

किशोरी

---

खांदा कॉलनी
२५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,
शि. सा. न.

मी मस्त आहे. अजून जड उचलायचं नाही, धक्काबुक्की नको, झोपायचं पाठीवरच. कॉलेजात मैत्रिणी माझी बॅग धरतात, मी राणीसारखी चालते. शिंक आली की मात्र सगळे देव आठवतात. मॅडमना मी एकदाच शिवी दिली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, म्हणाल्या ही नवीन आहे.

बाबांनी माझा एक्स-रे मोबाइलमध्ये ठेवलाय. यार्डातल्या एकेका ट्रेलरवाल्याला थांबवून दाखवतात आणि म्हणतात, हे बघ, याला म्हणतात स्टील, तुमच्या गाड्यांचं ते पत्र्याचं काम. मला लाज वाटते. थोडी आवडतेही.

आत्या, पट्टी घातल्यावर पहिल्यांदा अंघोळीला गेले तेव्हा पाणी छातीवरून सरळ खाली गेलं. आधी ते मधे साठायचं. मी तीनदा तांब्या ओतून बघितलं. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

हृतिकदादाच्या लग्नात धवले कोण म्हणणार? मॅडमनी गायला परवानगी दिली आहे. मी रोज जिन्यात म्हणून बघते, पण शेवटच्या ओळीला अजून कधी कधी अडकते. तू म्हणशील तसं.

तुझी
दिपिका

---

केगाव
१९ मे २०२४

चि. दिपिकास,
आत्याचे अ. उ. आ. आणि एक पापा.

लग्नाचा पसारा आवरला. हृतिक आणि त्याची बायको जोतिबाला गेली. घरात आता मी आणि उरलेले लाडू. तू गेलीस त्या दिवशीच लिहायचं होतं, पण पाय सुजले होते.

मी नवरदेवाची आई, मला हळदीच्या वेळी साडी सांभाळून पुढं बसायचं होतं. पण तू उभी राहिलीस आणि माझ्यानं बसवेना. तुझ्यामागं येऊन पाठीवर हात ठेवला तो मीच. ऐकू तर येणार नव्हतं, म्हटलं हातानं घेऊ. तू श्वास भरलास तेव्हा पाठ अशी रुंद झाली की माझा पंजा उचलला गेला. मग आवाज हातात आला, बारीक थरथर, कोपरापर्यंत. मी धवल्याचे शब्द मनात म्हणत होते आणि तू माझ्या बरोबरीनं चालली होतीस. शेवटची ओळ आली तेव्हा मीच श्वास रोखला. तू नाय रोखलास. समोर बघितलं तर सगळ्या बायका रडत होत्या आणि भगवान मांडवाच्या खांबाला धरून उभा, तोंड उघडं, शब्द चुकतच असणार.

पण मला जास्त अभिमान कशाचा वाटला ते सांगते, कारण ते बाकी कुणी बघितलं नाय. जेवणं चालू असताना मालू तुझ्याकडं आली. आमच्या आळीतली सून, कडेवर तिची छोटी मुलगी. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाय, पण तिनं मुलीचा झगा वर करून दाखवला. त्या एवढ्याशा छातीत तसाच खळगा. मालूचं तोंड बघवत नव्हतं. तू हातातलं ताट ठेवलंस, तिला आतल्या खोलीत नेलंस. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागनं आले आणि दारात थांबले. तू ओढणी बाजूला टाकली होतीस. ब्लाऊज वर करून दोन्ही बाजूचे व्रण तिला दाखवत होतीस, तिचा हात धरून त्यावर फिरवत होतीस, आत पट्टी कुठं लागते ते तिच्या बोटांनी तिला दाखवत होतीस. आईला पण न दाखवणारी पोरगी! नंतर मालूपुढं माझी पाटी धरली, लोक मला लिहून सांगतात ती, आणि विचारलं, काय सांगितलं तिनं? तिनं लिहिलं, दुखतं हे आधी सांगितलं. आणि सांगितलं की घाई नाय, मुलगी मोठी होऊ दे, पण डॉक्टरांकडं आत्तापासून जा आणि तिला लपवायला शिकवू नका. मी तांब्या तसाच घेऊन परत गेले आणि चुलीमागं बसून पोटभर रडले. आनंदानं माणूस रडतं, ते मला वाटायचं नुसतं बोलायचं असतं.

आता कामाचं. काल पलीकडच्या गावचा काशिराम आला होता. त्याच्या मुलीचं लग्न हाय. विडा-सुपारी घेऊन आला, पाटीवर लिहिलं, चंद्राआत्या, तुझ्या भाचीला घेऊन ये. मी सुपारीला हात लावला नाय. कागदावर खांदा कॉलनीचा पत्ता लिहून दिला आणि सांगितलं, मी कुणाला घेऊन येत नसते. आमच्यातली धवलारीण आता ती हाय. तिच्या दारात जा, तिला विचार. तिच्या आईबापाला नाय, तिला.

तो रविवारी येईल. त्याला चहा दे. हो म्हणायचं की नाय ते तुझं तू बघ.

तुझी माया माझ्याकडं भरपूर हाय, माझी तुला पुरावी एवढंच.

आत्या